सोनाबाईंचं दार आणि अण्णांचे अपवाद

कंडक्टरकी केलेल्या माणसाकडे किस्से जमतातच. गाडीत कोंबून भरलेली माणसं, प्रत्येकाला तोंड, आणि तिकीट फाडता फाडता आपले कान रिकामे! पण रिटायर झाल्यावर मी एका म्युझियमच्या तिकीट खिडकीत बसलो तेव्हा वाटलं, संपलं आता. जुनी भांडी, जुने दगड, बोलणार कोण? झालं उलटंच. गाडीत आख्ख्या नोकरीत जमले नसतील एवढे किस्से इथं जमले. बायको म्हणते, "तुमच्या म्युझियममध्ये वस्तू कमी अन् गोष्टीच जास्त."

आधी जागा सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. आष्टीहून नगरकडे जाताना निजामाच्या काळातला करोडगिरी नाका लागतो. करोडगिरी म्हणजे जकात. नाक्याच्या अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचा मुलूख. येणारा-जाणारा माल इथं थांबायचा, कर भरला की सुटायचा. ही दगडी इमारत कित्येक वर्षं बंद होती. आमच्या अण्णांनी ती दुरुस्त केली आणि म्युझियम उभं केलं.

अण्णा जुने कॉन्ट्रॅक्टर. गावोगाव फिरून एकेक वस्तू गोळा केलेली, त्यामुळे जीव सगळा वस्तूंत. त्यांचे नियम दोन. वस्तूला हात लावायचा नाही, आणि एकदा आत आलेली वस्तू पुन्हा बाहेर जायची नाही.

ट्रस्टवर दुसऱ्या आमच्या शैलामॅडम, शाळेतून निवृत्त झालेल्या. एका मीटिंगमध्ये त्या म्हणाल्या, "अण्णा, पुण्याहून गाड्या येतात, शाळांच्या सहली येतात. पण समोरच्या रस्त्यानं दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या जातात, त्यातलं एक माणूस कधी आत आलंय का? वस्तू यांच्या घरातल्या आणि बघणारे भलतेच!"

म्हणून 'घरच्यांचा दिवस' सुरू झाला. टोळ्या निघायच्या आधी एकदा, परत आल्यावर एकदा, आणि मध्ये हिवाळ्यात गावात राहिलेल्यांसाठी एकदा. वस्त्यांवर ट्रॅक्टर पाठवायचा, तिकीट नाही, दुपारचं जेवण आमच्याकडे.

अण्णा म्हणाले, "करा. पण माझे नियम म्हणजे नियम!"

\* \* \*

पहिल्या दिवशी ट्रॉली भरून माणसं आली आणि बाहेरच्या लिंबाखाली बसली. अर्धा तास झाला तरी कुणी उठेना. मी सवयीनं ओरडलो, "चला, आत सरका, आत सरका! मध्ये थांबू नका!"

कुणी हललं नाही. मी जवळ जाऊन विचारलं, "अहो, आत का येत नाही?"

पुढं सोनाबाई बसल्या होत्या. ऊसतोडीच्या टोळीतली ही सगळ्यात जुनी बाई. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र घंटेसारखा. त्या म्हणाल्या, "घरधनी 'या' म्हनला की येतो की. बिनबोलावता कुनाच्या घरात शिरावं व्हय?"

मी आत जाऊन अण्णांना बोलावलं. अण्णा आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या म्युझियमच्या दारात उभं राहून "या, या, आत या," म्हणाले. मग सगळी उठली. उठली आणि दारात चपला काढायला लागली! चपलांचा एवढा ढीग झाला की नंतर कुणाची कुणाला सापडेना. आत सगळे अनवाणी, चिडीचूप. लेकरंसुद्धा दगडांकडे बघून हळू बोलत होती. कुणी सांगितलं नव्हतं. मी देवळातही एवढी शांतता ऐकलेली नाही, खरंच सांगतो.

शैलामॅडम नाक्याची माहिती देत होत्या, माल कसा थांबायचा, कसा सुटायचा. सोनाबाई ऐकत होत्या, पण नजर अण्णांच्या बुटांवर. शेवटी त्यांनी फार मायेनं विचारलं, "अण्णा, पायाला काय लागलंय का तुमच्या?"

"नाही. का हो?"

"न्हाई, बूट काढला न्हाई म्हनून इचारलं."

तेव्हापासून अण्णांचे बूट माझ्या खिडकीखाली असतात.

\* \* \*

आमच्याकडे एक मोठं दगडी जातं आहे. दोन बायकांनी मिळून ओढायचं. त्याला चारी बाजूंनी दोरी लावलेली. बायका तिथं पोचल्या आणि अडकल्या. पुढं सरकेचनात.

सोनाबाईंची मुलगी मंदा, दहावी झालेली, तिनं आईला विचारलं, "काय झालं गं?"

"रिकामं हाय की गं हे. जात्यानं असं तोंड उघडं ठिवून बसावं का?"

सोनाबाईंनी ओच्यात हात घातला. ट्रॉलीत खायला म्हणून भाजकी ज्वारी आणली होती, त्यातली मूठभर जात्यावर टाकली. मागची बाई पुढं झाली, तिनंही टाकली. मग सगळ्याच. कुणाकडे दाणे नव्हते तिनं दुसरीकडून मागून टाकले.

अण्णा धावत आले. "हात लावायचा नाही म्हटलं होतं ना!"

"हात कुटं लावलाय अण्णा? वरूनच टाकलं की."

अण्णांनी दोरी बघितली, जातं बघितलं. दाणे बघितले. हात खरोखरच कुणी लावला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. आजच्यापुरता अपवाद!"

त्याच संध्याकाळी मी जात्यावरची ज्वारी काढून डब्यात भरली, कारण उंदरांना बाकी काय हवं असतं? सकाळी बघतो तर जात्यात पुन्हा दाणे. अण्णाच डबा घेऊन उभे. म्हणाले, "रिकामं बरं दिसत नाही रे."

\* \* \*

पुढच्या वर्षी टोळ्या निघायच्या आधीचा दिवस. ट्रॉली आली, आणि माणसांच्या मध्ये एक दार आडवं घातलेलं! अस्सल सागवानी, वर वेलबुट्टी, मोराची जोडी, पितळी कडी. चौघांनी उतरवलं. मागं सोनाबाई.

"अण्णा, सा महिनं ठिवून घ्या. गेल्या साली आमी कारखान्यावर गेलतो तवा शेजारणीच्या घराचं दार काढून नेलं कुनीतरी. घरात ऱ्हायला हाय कोन? तुमच्याकडं कुलूप हाय, वॉचमन हाय, वरून गळत न्हाई. भांडीकुंडी समदी एवढी नीट ठिवलीया तुमी."

आता बघा! ज्यांच्या घराला आम्ही 'वारसा' म्हणतो, त्यांना आमचं म्युझियम म्हणजे माणसं गावाला गेली की सामान सांभाळणारं घर वाटलं. मला आधी हसू आलं. मग वाटलं, यापेक्षा म्युझियमला मोठं सर्टिफिकेट कोणतं?

"बोराटीच्या काट्या लावून उंबरा झाकलाय," त्या म्हणाल्या. "पर दार पायजे अण्णा. वैशाखात मंदाचं लगीन हाय. घरातल्या समद्या पोरी ह्याच दारातनं गेल्या. माज्या सासऱ्यानं सोता केलेलं हाय ते."

अण्णांचं ऐकण्याकडे लक्षच नव्हतं. ते मोरांवरून बोट न लावता बोट फिरवत होते. "वस्तू आली, मॅडम! काय वस्तू आली!"

शैलामॅडम मोठ्यांदा म्हणाल्या, "अण्णा, ठेवायला दिलंय. दिलेलं नाही."

"बघू," अण्णा म्हणाले.

वस्तूच्या बाबतीत अण्णांचं 'बघू' म्हणजे काय, ते मला माहीत होतं. सोनाबाईंना माहीत नव्हतं. जाता जाता त्या एवढंच म्हणाल्या, "आतल्या बाजूला पानी लावू नका."

अण्णांनी दार मोठ्या दालनात उभं केलं. आतली बाजू पिवळट डागाळलेली होती, म्हणून ती भिंतीकडे केली.

\* \* \*

हिवाळ्यातल्या दिवसाला मेंढपाळ आले. त्यांत धोंडिबा नावाचे म्हातारे, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. आमच्या अंगणात एक वीरगळ आहे. वीरगळ म्हणजे लढताना मेलेल्या माणसाची आठवण म्हणून उभा केलेला दगड. त्यावर खाली गाईगुरं, मध्ये लढणारा माणूस, वर त्याचा स्वर्ग.

शैलामॅडमनी सांगितलं, "गावची गुरं चोर पळवून नेत होते. हा एकटा आडवा गेला. गुरं वाचली, हा गेला."

धोंडिबा त्या दगडासमोर बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

दोन-तीन दिवसांनी सकाळी फाटक उघडतो तर समोर आख्खा कळप! मेंढ्या, शेळ्या, दोन कुत्री. माझ्या "थांबा, थांबा!"ला कोण विचारतो? कळप आत. धोंडिबांनी सगळी जनावरं त्या दगडासमोरून हळूहळू फिरवली. एक कोकरू उचलून दगडासमोर धरलं.

अण्णा पायऱ्यांवरून ओरडले, "हे काय चाललंय?"

"त्याला दावाय आनली," धोंडिबा म्हणाले. "कुनासाटी मेला ते त्याला बी दिसू द्या की. दगडावरची किती दिस बगंल?"

एवढी वर्षं तो दगड तिथं उभा, आम्ही त्याची उंची-रुंदी सांगत होतो. त्याला काही दाखवावं, हे आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तेवढ्यात मेंढ्यांनी अण्णांची नवीन लॉन धरली! अण्णा कासावीस. "अहो, माझी लॉन! माझी लॉन!"

धोंडिबांनी दगडाकडे हात केला. "ह्यानं जीव दिला गुरांपायी. तुमी गवत बी देऊ नये व्हय?"

अण्णा पायरीवर बसले. म्हणाले, "अपवाद."

\* \* \*

त्याच हिवाळ्यात गौतमकाका आले. सरकारी दवाखान्यात नर्स असलेली त्यांची मुलगी त्यांना घेऊन आली होती. नाक्याचा मोठा अधिकारी म्हणजे दरोगा; त्याच्या खोलीत आम्ही त्याचं टेबल, त्याचा बाक आणि काचेच्या कपाटात पाणी ओतायची लांब नळीची पितळी झारी ठेवली आहे. फार देखणी आहे, लोक फोटो काढतात.

काका कपाटासमोर थांबले. म्हणाले, "माझा आज्जा ह्या नाक्यावर गोण्या उतरवायचा. तहान लागली की ओंजळ धरायची अन् शिपाई वरून ओतायचा. भांडं हातात कवा दिलं न्हाई. हीच झारी का दुसरी, मला ठावं न्हाई. पर अशीच आसनार."

मुलीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काका म्हणाले, "हिच्यातलं पानी मिळंल का?"

मी अण्णांकडे बघितलं. मला वाटलं, आता नियम येणार. अण्णांनी खिशातून किल्ली काढली, स्वतः कपाट उघडलं, स्वतः झारी घासून भरून आणली आणि काकांच्या हातात दिली. दोन्ही हातांनी दिली.

काका दरोग्याच्या बाकावर बसले. मी आणून दिलेल्या पेल्यात पाणी ओतलं, मुलीला दिलं. मग स्वतः घेतलं, सावकाश प्यायले. मग म्हणाले, "अण्णा, तुमाला?"

अण्णांनी, का कोण जाणे, समोर येऊन ओंजळ धरली.

"ओंजळ नका धरू," काका म्हणाले. "गिलास हाय की."

त्या दिवशी अण्णा 'अपवाद' म्हणायलासुद्धा विसरले.

\* \* \*

तुम्हाला वाटेल, अण्णा सुधारले. कसले सुधारतात! शहरातून एक जाणकार आले, दारासमोर तासभर उभे राहिले आणि म्हणाले, "अशी मोराची जोडी मी कुठं पाहिली नाही. हे आता इथून हलवू नका." झालं! अण्णांनी माहितीपत्रकाच्या कव्हरवर दाराचा फोटो छापला. दारावर पितळी पाटी ठोकली, 'कृपया हात लावू नये.' स्क्रू मारून ठोकली. शैलामॅडम रोज एकदा आठवण करायच्या, "अण्णा, वैशाखात लग्न आहे." अण्णा रोज दुसरंच काहीतरी बोलायचे. मी मनात सोनाबाईंना काय सांगायचं याची तयारी करत होतो, आणि एकही वाक्य धड जमत नव्हतं.

पाडव्यानंतर टोळी परतली. ट्रॅक्टर घरी न जाता सरळ आमच्या फाटकात! भांडी, पाचटाचे भारे, कोंबड्या, झोपलेली लेकरं, सगळा संसार ट्रॉलीत. सोनाबाई उतरल्या. उन्हानं काळ्या पडलेल्या, हातांना उसाच्या पात्याचे ओरखडे. दारात थांबल्या. अण्णांनी "या" म्हटल्यावर चपला काढून आत आल्या.

दाराजवळ जाऊन त्यांनी कडीला हात लावला. "बरं ऱ्हायलं की गं बाई," दारालाच म्हणाल्या. मग अण्णांना, "न्हेतो आता."

अण्णांनी घसा साफ केला. "सोनाबाई, इथं एक नियम आहे. आत आलेली वस्तू बाहेर जात नाही. मी तुम्हाला नवं लोखंडी दार बसवून देतो. चांगलं मजबूत. चोराचा बाप आला तरी—"

"अन् मंदाला त्या लोखंडी दारातनं काढू व्हय?"

मंदा आईमागं उभी होती. तिनं पाटीवरची अक्षरं वाचली आणि मान खाली घातली. शैलामॅडम काही बोलायला पुढं झाल्या, पण सोनाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. इकडेतिकडे त्या दगडी भिंतींकडे बघून म्हणाल्या, "अण्णा, मॅडमनीच सांगितलं व्हतं आमाला. ही चौकी निजामाची व्हती ना?"

"होय."

"तवा बी थांबलेला माल सुटायचाच की!"

अण्णा खुर्चीवरून उठले, दारापाशी गेले, मोरांकडे एकदा बघितलं. मग खिडकीतून बाहेर ओरडले, "ट्रॉली मागं घ्या रे! आणि दार आडवं नका टाकू, उभं धरा. खाली गोधडी घाला!"

दाराचा एक कोपरा त्यांनी स्वतः उचलला. पायरी उतरताना धापा टाकत म्हणाले, "अपवाद आहे हा! शेवटचा अपवाद!"

\* \* \*

लग्नाला आम्ही तिघंही गेलो. अण्णांची जीप, मी मागं. वस्तीवर पत्र्याची घरं, मांडवाला कापडाची कनात, आणि एका घराला ते दार. वर आंब्याचं तोरण. आणि दारावर आमची पितळी पाटी तशीच! 'कृपया हात लावू नये.'

मी सोनाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "अहो, ही काढली नाही?"

"अण्णांनी लावलीया, काढावी कशी? आन् बरं हाय की. पावनं दाराला रेलत न्हाईत!"

खरंच, आख्खं वऱ्हाड त्या दारातून अंग चोरून आत-बाहेर करत होतं. वरमाय जरा जाडजूड, ती आडवी होऊन शिरली, पण दाराला स्पर्श केला नाही. माझ्या नोकरीत मी एवढे शिस्तीचे पॅसेंजर पाहिले नाहीत.

अण्णांनी बूट बाहेर काढले आणि आत येऊन बसले. तेव्हा दार उघडं होतं, आणि त्याची आतली बाजू आमच्या समोर आली. जी सहा महिने आम्ही डागाळलेली म्हणून भिंतीकडे करून ठेवली होती, ती.

डाग नव्हते ते. हळदीचे हात होते. दोन-दोन तळवे, जोडीजोडीनं. वरचे अगदी पुसट, लाकडात मुरलेले, खालचे जरा ठळक. सोनाबाई एकेकावर बोट ठेवून सांगत होत्या, "ही थोरली नणंद. ही मधली. ही माझी शेवंता, औंदा दोन लेकरांची आई झाली. जाताना पोरीनं हात ठिवून जायाचं. म्हंजे घर रिकामं वाटत न्हाई."

शैलामॅडमनी पदर डोळ्याला लावला. माझंही काही खरं नव्हतं. अण्णा त्या हातांकडे बघत बसले होते, चष्मा हातात घेऊन.

पाठवणीची वेळ झाली. बायकांनी परातीत हळद कालवली. मंदानं दोन्ही तळवे बुडवले आणि दारापाशी आली. सगळ्यात खाली जागा उरली होती, तेवढीच. ती वाकली, आणि थांबली. हळद मनगटावरून ओघळायला लागली. म्हातारी मावशी म्हणाली, "ठिव की गं, वाळंल ती!"

मंदानं मान वळवून अण्णांकडे बघितलं. दहावी झालेली मुलगी, पाटी वाचलेली.

"अण्णा," ती म्हणाली, "हात लावू?"

मांडवात सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. मग उठून दारापाशी गेले आणि हलू नये म्हणून ते बाहेरच्या बाजूनं, पाटीवरच, आपल्या दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"लाव बाई," ते म्हणाले. "नीट दाबून लाव."